अमावास्येला उघडायची पेटी

आधी नाव सांगते, मग काय झालं ते. माझी तनू आज शाळेत धावते-पळते ती अक्कांमुळे. त्यांचं खरं नाव लांबलचक आहे, पण चेन्नईत मुडिचूरच्या आमच्या गल्लीत ते कुणाच्याच तोंडी नाही. पोरं त्यांना 'पेट्टी-पाट्टी' म्हणायची. तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी, आणि पेट्टी म्हणजे आपली पेटीच. मी त्यांना अक्का म्हणायचे. मनातल्या मनात आणखी बरंच काही म्हणायचे, तेही सांगणार आहे. उपकार तेवढे सांगायचे आणि जळफळाट झाकून ठेवायचा, हे मला जमायचं नाही.

अक्का दर अमावास्येला पेटीतलं जेवायच्या. घरात शिजवायला नव्हतं असं नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई, एकटीचा नेटका संसार. पण अमावास्येला सकाळी अंघोळ झाली की त्या एक निळी पत्र्याची पेटी दारात आणायच्या, चटई अंथरायच्या आणि आतलं एकेक बाहेर मांडायच्या. पोहे, डाळं, गूळ, मुरुक्कू म्हणजे तिकडची चकली, बॅटरी, शिट्टी, दोरी, औषधं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदं. घरात पाणी शिरलं तर तीन दिवस निघावेत म्हणून भरलेली पेटी होती ती. खायचं असेल ते त्या दिवशी खाऊन संपवायचं, बरण्या उन्हात पालथ्या घालायच्या, संध्याकाळी पुन्हा ताजं भरायचं. त्या दिवशी त्यांच्याकडे गॅस पेटायचा नाही. गल्लीतली पोरं चटईभोवती कोंडाळं करून बसायची आणि अक्का प्रत्येकाच्या ओंजळीत गूळ-पोहे घालायच्या. मला वाटायचं, हिला नातवंडं जवळ नाहीत म्हणून दुसऱ्यांची पोरं खाऊ घालून गोळा करते.

आम्ही विट्याकडचे. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यापायी, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, देशभर गेलेली. तनूचे पप्पाही चुलत्याबरोबर त्यासाठीच चेन्नईला आले, पण भट्टीचा धूर सोसेना, म्हणून श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात लागले. कंपनीची बस मुडिचूरच्या नाक्यावर थांबते, म्हणून तिथं घर घेतलं. खाली समोरासमोर दोन घरं, एक आमचं, एक अक्कांचं. वरच्या मजल्याला मालकाचं कुलूप, आणि त्याच्यावर जिन्याच्या टोकाला एक पत्र्याची खोली.

पहिल्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि ही उंच, वाळकी बाई कपाळाला विभूती लावून दारात उभी. मला वाटलं, पाणी विचारेल, चहा विचारेल.

"मराठी की?"

"व्हय."

"आम्हीही मराठीच. तंजावरचे. सांग पाहू, तुमची कागदं जमिनीपासून किती वर ठेवणार?"

मी तनूच्या पप्पांकडे बघितलं, ते माझ्याकडे. अक्कांनी माझा हात धरून मला जिन्यापाशी नेलं. भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीवर निळ्या खडूची रेघ होती. "मागचं पाणी इथवर. पुढचं कुठवर ते त्यालाच ठाऊक. रेघेच्या वर ठेव अस्क." अस्क म्हणजे सगळं. त्यांची मराठी अशीच होती, आपल्या पणजीच्या पणजीची असावी तशी, वर तमिळचा हेल. पुसट झाली की रेघ त्या पुन्हा ओढायच्या.

आमच्या गावात पाण्याची वाट बघतात. टँकरचा आवाज आला की घागर घेऊन पळतात. पाणी आपण होऊन माणसाच्या घरी येतं, हे मला माझ्या सासूनं सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. पण मी मुळात भित्री. बस दहा मिनिटं उशिरा आली तरी मी नाक्यापर्यंत जाऊन बघून येते. त्या रेघेकडे बघून मी तीन रात्री नीट झोपले नाही. आणि ज्या बाईनं भीती घातली तिच्याच दारात निवांत पोहे चाललेले बघून मला तिचा राग यायला लागला.

राग म्हणते, पण तो मत्सर होता. आठवीत माझी शाळा निसटली. आई आजारी पडली, घरात भाकरी थापायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी मी होते. मराठी वाचते, लिहिते, पण इथं पाट्या तमिळ, औषधांवरची अक्षरं इंग्रजी. अक्का दोन्ही घडाघडा वाचायच्या. मोबाईलवर पावसाचा इशारा आला की बायका त्यांच्या दारात जमायच्या, मीही जायचे, आणि परत येताना मला वाटायचं, हे मला वाचता आलं असतं तर ह्या सगळ्या माझ्या दारात आल्या असत्या.

तनूच्या पप्पांचं निराळंच. "बघ जरा त्या बाईकडं. सत्तरी उलटली, पण पाणी आलं तर पाच मिनिटांत तयार. आपल्याला लायटर सापडत न्हाई रोज."

"मग तिच्याकडंच जेवा की आवसंला," मी म्हटलं. ते खरंच गेले. येताना मुरुक्कू खात आले.

तनू तर तिथंच राहायची म्हटलं तरी चालेल. तिला दमा आहे, धुळीनं, ओलीनं छाती भरते. मी तिला पावसात दाराबाहेर सोडत नव्हते, पण अक्कांचं घर ती 'दाराबाहेर'मध्ये धरतच नसावी. तमिळ तिच्या जिभेवर मराठीपेक्षा लवकर बसली. एकदा शाळेत चित्र काढायला सांगितलं होतं, 'आमच्या घरी संकट आलं तर'. तनूनं निळी पेटी काढली, पेटीशेजारी उंच अक्का, अक्कांचा हात धरलेली स्वतः.

"आणि मी कुठं हाय ह्यात?"

"तू किचनमध्ये आहेस, आई," ती म्हणाली. "म्हणून दिसत नाहीस."

ते चित्र मी भिंतीला लावू दिलं नाही.

त्याच आठवड्यात मी तांबरमच्या बाजारातून स्टीलची पेटी आणली. अक्कांच्या दीडपट मोठी, कडी-कोयंड्याची, आरशासारखी लखलखीत. एक-दोन महिने साठवत राहिले. नवी बॅटरी, सेल, मेणबत्त्या, पोहे, शेंगदाणे, कागदांच्या झेरॉक्स, तनूचा एक फ्रॉक, चादर. तनूचा निळा पंपही ठेवला, दमा उठला की तोंडात मारायचा तो. घरात दोन होते. नवा रोजच्याला ठेवला आणि अर्धा वापरलेला पेटीत टाकला. आपल्याकडे असंच करतात, चांगलं वापरायला आणि उरलेलं अडीअडचणीला. दसऱ्याला पेटीची पूजा केली, हळद-कुंकू वाहिलं, लाल दोऱ्याचे सात वेढे देऊन गाठ मारली आणि अक्कांना मुद्दाम बोलावलं.

त्यांनी पेटीवरून हात फिरवला. "छान आहे, सुनंदे. वजन किती?"

"वजनाचं काय अक्का? पेटी हाय का पिशवी?"

"जिना चढताना कळेल. येत्या अमावास्येला उघडशील ना?"

"आमच्यात आवसंला नवं काय करत न्हाईत. आणि आई म्हणायची, वाईट वेळंसाठी ठेवलेल्याकडं सारखं बघू नये, ती वेळ चाळवती."

"इकडे अमावास्या चांगली गे. दुकानंसुद्धा उघडतात लोक. आणि तारीख लक्षात ठेवायला नको. वर पाहिलं, चंद्र नाही, पेट्टी उघडायची. लहान मूलही विसरत नाही." मग म्हणाल्या, "पेट्टी म्हणजे देव नव्हे. देवाला लांबून नमस्कार चालतो. पेट्टीत हात घालावा लागतो."

"तुमची तुम्ही उघडा. आम्हाला दर महिन्याला पेटीतली भूक लागत न्हाई."

माझं मलाच ते फार चांगलं बोलणं वाटलं. अक्का हसल्या, 'सेरी' म्हणाल्या, म्हणजे 'बरं', आणि गेल्या. मी पेटी लाकडी कपाटावर चढवली. रोज सकाळी उदबत्ती दाखवताना तिच्याकडे बघायचे आणि मनाला गारवा वाटायचा. दोन वर्षं मी तिला उदबत्ती दाखवली. हात एकदाही घातला नाही.

तनूला मी अमावास्येला पाठवणं बंद केलं. ती रुसली, रडली. अक्कांनी ताटलीत झाकून तिचा वाटा पाठवला, तर मी तो तसाच परत दिला. "तनूला पोहे सोसत न्हाईत," म्हटलं. गूळ-पोहे तिचा जीव की प्राण, हे अक्कांना ठाऊक होतं. त्यांनी ताटली घेतली आणि म्हणाल्या, "बरं हो, पुढच्या वेळी डाळं पाठवीन." भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. अक्कांना भांडता यायचं नाही, आणि ह्याही गोष्टीचा मला मत्सर वाटायचा.

पाणी दारातून येईल असं मी धरून चालले होते. उंबऱ्याशी वाळूची पोती लावून ठेवली होती. इकडचा खरा पाऊस दिवाळीच्या पुढेमागे पडतो. त्या वर्षी तो चार दिवस थांबला नव्हता, आणि पाचव्या दिवशी सकाळी पाणी आलं ते न्हाणीच्या भोकातून. बुडबुड आवाज झाला, मी दार उघडलं, तर काळं पाणी वर चढत होतं. आमची पोती तिकडे दाराशी कोरडीच.

तनूचे पप्पा आदल्या पाळीपासून कारखान्यात अडकलेले, बस सुटत नव्हती. फोन एकदाच लागला. "वर जा. अक्का सांगत्यात तसं कर," एवढं बोलले आणि फोन गेला. पाण्यात घोट्यापर्यंत उभी होते, तरी माझ्या मनात आलं, 'सुनंदा, सांभाळ' असं नाही म्हणाले.

तेवढ्यात शिट्टी वाजली. समोरच्या दारात अक्का साडी खोचून उभ्या, पेटीला जुन्या दप्तराचा पट्टा लावून ती खांद्याला अडकवलेली. "अगे चल! गॅस बंद केलास? मेन बंद केलास?" दोन्ही केलं नव्हतं. त्यांनी आत येऊन स्वतः केलं. मी कपाटावरची स्टीलची पेटी ओढली. ती इतकी जड, की एका काखेत पेटी आणि दुसऱ्या हातात तनू धरल्यावर मला तिसरा हात उरला नाही. दाराशी खिळ्याला तनूचं दप्तर होतं. दप्तराच्या बाहेरच्या खणात तिचा रोजचा पंप. मला दिसलं दप्तर. पण त्यासाठी पेटी खाली ठेवावी लागली असती, आणि अक्का बघत होत्या. मी पेटी ठेवली नाही.

जिन्यात तीनदा बसले. अक्का पुढे गेल्या, त्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून दोऱ्यानं बांधलेली किल्ली काढली आणि वरची पत्र्याची खोली उघडली. मालकानं ती किल्ली त्यांना दिली होती, मला नाही. तेही मला लागलं. तासाभरानं खाली बघितलं तर जिन्यातली निळी रेघ पाण्याच्या वर हातभर उरली होती. दुपारपर्यंत ती वीतभर उरली.

दुपारी तनूची छाती वाजायला लागली. आधी बारीक शिट्टीसारखी, मग गळ्याखालचा खड्डा आत ओढला जायला लागला. तिचे ओठ निळे पडायला लागले. "घाबरू नको राणी, आपली पेटी हाय," असं म्हणत मी लाल दोऱ्याला हात घातला. ओलीनं गाठ आवळलेली. नखानं सुटेना, दातानं तोडली.

झाकण उघडलं आणि वास आला. सेल फुटून पांढरा-हिरवा चिकटा बॅटरीभर पसरलेला. पोह्यांना जाळ्या धरलेल्या, जाळ्यांत आळ्या. पंप सापडला. हलवला, दाबला. नुसती हवा. पुन्हा दाबला. पुन्हा हवा. तारखेचे आकडे मला वाचता येतात, ते वर्ष कधीच सरलं होतं. तनू भिजली होती, तिला कोरडं तरी घालावं म्हणून फ्रॉक काढला. तो तिच्या खांद्यावरून खाली उतरेना. सहा वर्षांच्या पोरीचा फ्रॉक होता तो. माझी पोर आठ वर्षांची झाली होती, आणि पेटीतली सहावरच थांबली होती.

तनूनं मान वळवली. माझ्याकडे बघायची सोडून ती अक्कांकडे बघत होती. तोंडातून शब्द निघत नव्हता, पण ओठ 'पाट्टी' असे हलले. ते मी बघितलं.

अक्कांनी निळ्या पेटीतून एक कापडी पिशवी काढली. तिच्यावर तमिळमध्ये टाक्यांनी नाव घातलेलं. तनूचं नाव तेवढं मला तमिळमध्ये वाचता येतं. आत नवाकोरा पंप, पंपाला लावायची मोठी नळी, टॉवेल, फ्रॉक, आणि एक कागद. पंप आणि कागद दोन्ही त्यांनी माझ्या हातात दिलं.

"अक्का, तुम्ही द्या. मला जमायचं न्हाई."

"तूच दे. आई तू."

कागद मराठीत होता. आपल्या देवनागरीत, शाळेतल्या फळ्यावर लिहितात तशा मोठ्या, सुट्या अक्षरांत. 'सुनंदे, घाबरू नकोस. पंप हलव. नळीला लाव. एक दाब, दहा श्वास. मग दुसरा दाब, दहा श्वास. असंच करत राहा. तुला येईल.'

मी वाचत गेले आणि करत गेले. अक्का तनूला टेकून बसवून पाठीवर हात ठेवून तमिळमध्ये श्वास मोजत होत्या, ओण्णु, रेंडु, मूणु. पहिल्या दहाला काही झालं नाही. दुसऱ्या दहाला काही झालं नाही. तिसऱ्या दाबानंतर कधीतरी शिट्टीचा आवाज खाली आला, आणि थोड्या वेळानं तनू स्पष्ट आवाजात म्हणाली, "भूक लागली." अक्कांनी गूळ-पोहे काढले. माझ्या पेटीतले शेंगदाणेही खवट निघाले होते.

तो कागद त्यांनी कधी लिहिला असेल, हे माझ्या फार उशिरा डोक्यात आलं. अक्का असताना त्या कागदाची कुणाला गरज होती? त्यांना स्वतःला काही झालं, आणि मी एकटीच पेटीसमोर बसले, तर मला वाचता यावं म्हणून लिहिलेला होता तो. पेटीतल्या बाकी सगळ्या चिठ्ठ्या तमिळमध्ये होत्या.

पण खरं सांगते, त्या दुपारी मला पंपापेक्षा फ्रॉक झोंबला. पिवळा, सुती, तनूच्या अंगाला अगदी बेतशीर. थोडा सैलच. माझ्या पोरीचं माप माझ्या पेटीत चुकलं होतं आणि परक्या बाईच्या पेटीत बरोबर निघालं होतं. ज्या बाईनं माझ्या लेकराचा श्वास परत आणला, तिला मी काय म्हणावं? हात जोडायचे होते, पाया पडायचं होतं. मी म्हणाले, "फ्रॉक ढगळ होतोय."

"होणारच. दोन बोटं मोठाच ठेवते मी," अक्का म्हणाल्या. "मुलं एका अमावास्येची दुसऱ्या अमावास्येला राहत नाहीत."

दोन दिवस आम्ही तिथं काढले. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि तनूचे पप्पा चिखल तुडवत, चालत आले. तनूनं त्यांच्या कमरेला मिठी मारून सगळं सांगून टाकलं. मी बंदी घातल्यावरही ती अमावास्येला शाळेतून येताना पाच मिनिटं अक्कांकडे जायची. अक्का दाराच्या चौकटीला टेकवून तिचं माप घ्यायच्या, आणि दप्तरातला डॉक्टरांचा कागद बघून पंपाचं नाव, तारीख पडताळायच्या. "पाट्टी म्हणाली, आईला चोरून काही करायचं नाही, सांग तिला," तनू माझ्याकडे न बघता म्हणाली. "मीच नाही सांगितलं. तू ताटली परत दिलीस तसा पंपपण परत दिला असतास."

दिला असता.

पुढच्या अमावास्येला मी स्टीलची पेटी घासूनपुसून अक्कांच्या चटईवर नेऊन ठेवली. मला वाटलं, आता ऐकवतील दोन शब्द, आणि ऐकवले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या पेटीकडे बघून म्हणाल्या, "याला पट्टा लाव. नाहीतर एखाद्या दिवशी पेट्टीच तुला धरून खाली जाईल." मग सरकून त्यांनी मला जागा दिली. "बैस. अस्क बाहेर काढ."

त्यानंतर मी एकही अमावास्या चुकवली नाही. सेल बॅटरीच्या बाहेर ठेवायचे, हे त्यांनी शिकवलं. नवा पंप पेटीत आणि पेटीतला वापरायला, म्हणजे पेटीतला कधी जुना होत नाही. शिजवावं लागेल असं काही घ्यायचं नाही. फोनमधले नंबर कागदावर उतरवायचे, कारण फोन माणसाआधी भिजतो. आणि जे ठेवलंय ते खाऊन बघायचं. "जे तू सुखात खाणार नाहीस, ते संकटात पोर खाईल की?" विचारायच्या. औषधांवरची इंग्रजी अक्षरंही त्यांनी मला एकेक करून ओळखायला लावली. वर्षभरात गल्लीतल्या दोन बायका तारीख बघायला माझ्याकडे यायला लागल्या, तेव्हा मी अक्कांच्या दाराकडे चोरून बघितलं, त्यांना दिसतंय का म्हणून.

पाण्यात उभं राहिल्यानं असेल की वयानं, अक्कांचे गुडघे गेले. सिरुसेरीला संगणकाच्या कंपनीत असलेला त्यांचा मुलगा न्यायला आला. त्याचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. "अम्मा, तिथं पाण्याची भीती नाही," तो सामान बांधताना म्हणाला.

"पाणी नाही येणार," अक्का म्हणाल्या. "लिफ्ट बंद पडेल."

तो हसला. त्याच्या घरी कपाटं भिंतीतली, पेटी ठेवायला जागा नव्हती. अक्कांनी वाद घातला नाही. निळी पेटी पट्ट्यासकट उचलून त्या आमच्या दारात आल्या. मी साडीच्या पदराला हात पुसून पुढे झाले. मला वाटलं, मला देणार.

त्यांनी ती तनूच्या खांद्याला अडकवली.

"अमावास्येला," त्या म्हणाल्या.

"चंद्र नाही, पेट्टी उघड," तनू म्हणाली.

मी हात तसेच पुढे धरून उभी. एवढं होऊनही तो जुना मत्सर जागा झाला. अक्कांनी माझ्या तळव्यावर निळ्या खडूचा तुकडा ठेवला. "रेघ तू ओढत जा. तिची अजून वाकडी येते." मग टॅक्सीत बसल्या. मी तेव्हाही आभार मानले नाहीत. "पोचल्यावर फोन करा," एवढंच म्हटलं.

अक्का, तुमच्या मुलाच्या फोनवर हे तनू वाचून दाखवेल तेव्हा तिचं ऐका, पण लिहिलंय मी. माझ्या पेटीला आता पट्टा आहे. तिच्यात एक पिशवी तुमची आहे, नावाचे टाके मी तमिळमध्ये घातलेत, वाकडे आले असतील. आत तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, सुती साडी, गुडघ्याचं तेल, तुमच्या नंबरचा चष्मा, आणि गूळ कमी घातलेले पोहे. दर अमावास्येला मी ते खाते आणि ताजे भरते. वर एक कागद आहे, मोठ्या अक्षरांत, 'अक्का, घाबरू नका.'

पाणी तुमच्यापर्यंत यायचं नाही, हे मला कळतं. पण वादळ होईल, वीज जाईल, लिफ्ट थांबेल, तुम्हीच म्हणाला होतात. त्या दिवशी मी येईन. चौदा मजले आहेत, मी मोजलेत, गेल्या महिन्यात आले होते तेव्हा लिफ्ट सोडून एकदा चढून बघितलेत. पाच ठिकाणी बसावं लागलं, पण चढले. तनू मागं लागेल, तिला आणीन, पण तेराव्यावर थांबवीन. तुमची पिशवी तुमच्या हातात मीच देणार.